दर सालचा एक खेळ: लाडक्या बोर्ड गेम्सची सालवार यादी कशी करावी

डाव्या बाजूला साले लिहायची आणि प्रत्येक सालापुढे त्या साली निघालेल्या बोर्ड गेम्सपैकी आपला सर्वांत लाडका एक. यादी करायला बसेपर्यंत हे सोपे वाटते. 'माझे आवडते दहा' अशा यादीत माणसे गेल्या महिन्यात खेळलेले खेळ भरून मोकळी होतात. सालवार यादीत ती पळवाट नाही. २००८ च्या रांगेत तीन तगडे खेळ एका जागेसाठी भांडतात, तर १९८६ पुढे काय लिहावे ते सुचत नाही. निवड नेमकी कशी करायची, कुठे फसते आणि गोव्याच्या दमट हवेत हे खेळ खेळण्याजोगे कसे ठेवायचे, ते पुढे दिले आहे.

साल कोणते धरायचे

हे आधी ठरवले नाही तर दहाव्या खेळापाशी भांडण ठरलेले. नियम एकच ठेवा: खेळ जगात कुठेही, कोणत्याही भाषेत, पहिल्यांदा विक्रीला आला ते साल. पेटीच्या तळाशी बारीक अक्षरांत छापलेले साल बहुधा त्या आवृत्तीचे किंवा भाषांतराचे असते. तुमच्या हातातली कार्कासोनची पेटी २०१९ ची असली, तरी खेळ २००० चाच. शंका आली की बोर्डगेमगीक या संकेतस्थळाच्या सूचीत पाहावे. तिथे प्रत्येक खेळाच्या नावापुढे प्रथम प्रकाशनाचे साल असते आणि सालानुसार शोधही घेता येतो.

दुसरा सापळा पारितोषिकाचा. जर्मनीचे 'श्पील देस यारेस' हे पारितोषिक १९७९ पासून दिले जाते. विजेत्या खेळाच्या पेटीवर लाल सोंगटीचे चिन्ह आणि साल असते, आणि पुष्कळ जण तेच साल यादीत उतरवतात. पण कितीतरी खेळ जर्मनीतल्या एसेन शहरात ऑक्टोबरात भरणाऱ्या खेळांच्या जत्रेत बाहेर येतात आणि पारितोषिक पुढच्या उन्हाळ्यात मिळते. कार्कासोन २००० चा, पारितोषिक २००१ चे. डॉमिनियन २००८ चा, पारितोषिक २००९ चे. अझूल २०१७ चा, पारितोषिक २०१८ चे. मग सरसकट एक वजा करावा का? तेही चालत नाही. कटान १९९५ लाच निघाला आणि १९९५ लाच जिंकला, तिकीट टू राइडचे २००४ मध्ये तसेच झाले. हानाबी तर २०१० चा असून २०१३ मध्ये जिंकला. प्रत्येक खेळाचे साल वेगळे तपासण्याला पर्याय नाही.

तिसरा प्रश्न सुधारून पुन्हा काढलेल्या खेळांचा. चित्रे, नाव किंवा कंपनी बदलली असेल तर जुनेच साल. गाभा तोच ठेवून चार पत्ते वाढवले असतील तरी जुनेच. खेळ-रचनाकार राइनर क्निझियाचा शॉटन टॉटन १९९९ चा: सहा रंग, १ ते ९ आकडे, एकूण ५४ पत्ते. त्याचाच बॅटल लाइन २००० चा: आकडे १ ते १०, एकूण ६० पत्ते, शिवाय डावपेचांचे १० पत्ते. दोन्हींत नऊ जागांसाठी प्रत्येकी तीन पत्त्यांची झुंज आहे, म्हणून यादीत दोघांचे साल १९९९. १९९९ मध्ये आधीच रा, टिकाल आणि लॉस्ट सिटीज असल्यामुळे याला २००० मध्ये ढकलायचा मोह होतो. एकदा असा ढकलला की मग प्रत्येक जण आपापला खेळ सोयीच्या सालात सरकवतो.

विस्तारपेट्यांना स्वतंत्र रांग नको. लेगसी प्रकारचे खेळ मात्र वेगळे धरावेत. पँडेमिक २००८ चा आणि पँडेमिक लेगसी २०१५ चा, कारण दुसऱ्यात पट कायमचा बदलत जातो आणि तोच डाव पुन्हा मांडता येत नाही.

कॅरम, सारीपाट, चौकाबारा, वाघ-बकरी यांना साल नाही. त्यांच्यासाठी यादीच्या आधी 'बिनसाली' असे एक पान ठेवा आणि तिथे हवे तितके लिहा. लुडोची गोष्ट निराळी: पचिसीवरून बेतलेल्या त्या खेळाचे पेटंट इंग्लंडमध्ये १८९६ ला घेतले गेले, म्हणून त्याला साल देता येते. घरोघरी असलेला व्यापार मोनोपॉलीच्या रांगेत, म्हणजे १९३५ मध्ये. त्याचे मूळ असलेल्या लँडलॉर्ड्स गेमचे पेटंट १९०४ चे आहे, पण तो कोणी खेळलेला नसतो. न खेळलेला खेळ यादीत घ्यायचा नाही.

सुरुवात कुठून

१९९५ पासून सुरू करा. त्यानंतरच्या जवळजवळ प्रत्येक साली निवडायला काहीतरी असते आणि खेळ अजून विकत मिळतात. आधीची साले नंतर, उलट्या दिशेने, भरत जावीत.

वहीत किंवा स्प्रेडशीटमध्ये सात रकाने पुरतात: साल, खेळ, किती डाव झाले, किती भिडू होते, खरा लागलेला वेळ, पुन्हा कोणी मागितला, निवडीचे कारण. खरा वेळ म्हणजे पेटी उघडल्यापासून सोंगट्या परत पिशवीत जाईपर्यंतचा. पेटीवर ४५ मिनिटे लिहिलेला खेळ नवख्या चौघांत दीड तास सहज घेतो. सहावा रकाना सर्वांत बोलका असतो. डावानंतर 'छान होता' सगळेच म्हणतात. दोन आठवड्यांनी 'तो टाइलांचा काढ ना' असे कोणी आपणहून म्हटले, तरच खूण करा.

एखादा खेळ उमेदवार ठरायला किमान तीन डाव हवेत. पहिला डाव नियम समजण्यात जातो, दुसऱ्यात चुका कळतात, तिसऱ्यात खेळ दिसतो. तीनपैकी एक तरी डाव वेगळ्या माणसांबरोबर व्हावा. मोबाइलवर किंवा संगणकावर खेळलेला डाव अर्धा मोजावा. तिथे मांडणी आणि हिशेब यंत्र करते, त्यामुळे टेबलावर रटाळ होणारे खेळ चपळ वाटतात.

दाटीची साले

१९९५ मध्ये कटान आणि एल ग्रांदे. कटानला तीन किंवा चारच भिडू लागतात, दहा गुणांना डाव संपतो आणि दोन फाशांवर सगळे चालते. ६ आणि ८ ची शक्यता प्रत्येकी ३६ पैकी ५, तर २ आणि १२ ची ३६ पैकी १. सुरुवातीच्या दोन वसाहती चुकीच्या आकड्यांवर बसल्या की तासभर नुसते बघत राहावे लागते. नवख्यांचा कटानवर राग होतो तो बहुतेकदा यामुळे. त्यांना मांडणीच्या वेळीच हे सांगा, नाहीतर खेळाचा न्याय फाशांवरून होईल. एल ग्रांदे नऊ फेऱ्यांचा, गुणमोजणी तिसऱ्या, सहाव्या आणि नवव्या फेरीनंतर. दोघांतही खेळता येतो, पण रंग भरतो चार-पाच जणांत. घरात कायम पाच माणसे असतील तर एल ग्रांदे, अदलाबदलीची घासाघीस आवडणारे चौघे असतील तर कटान. आमचे मत एल ग्रांदेकडे झुकते.

२००८ सर्वांत अवघड: डॉमिनियन, पँडेमिक, दीक्सित. डॉमिनियनच्या पेटीत ५०० पत्ते, त्यांतले दहा ढीग निवडून मांडायचे. मजकूर इंग्रजी आणि बारीक. मराठी शाळेतल्या आठ-दहा वर्षांच्या मुलाला प्रत्येक पत्ता वाचून दाखवावा लागतो आणि खेळाची लय मोडते. पँडेमिक सगळ्यांनी मिळून खेळायचा. त्यात एक जाणकार पुढारी होतो आणि बाकीचे त्याच्या सांगण्यावरून सोंगट्या हलवतात. उपाय असा: ज्याची पाळी त्याने आधी आपला बेत मोठ्याने सांगायचा, मगच इतरांनी बोलायचे. दीक्सितमध्ये ८४ चित्रे, मजकूर शून्य. सुचवायचा शब्द मराठीत द्या, कोंकणीत द्या, म्हणीत द्या. आजी आणि नात एकाच पातळीवर येतात. पण त्याच सहा जणांत आठ-दहा डाव झाले की चित्रे तोंडपाठ होतात आणि गंमत ओसरते. २००८ चा निर्णय म्हणजे तुमच्या टेबलाभोवती कोण बसते याचा निर्णय. दोन माणसांच्या घरात डॉमिनियन आणि गोतावळ्यात दीक्सित, ही दोन्ही उत्तरे बरोबर आहेत.

लॉस्ट सिटीज फक्त दोघांचा आणि रा चौघांत खुलणारा, हे दोन्ही १९९९ चे. यांची तुलनाच होत नाही. हव्या त्या सालापुढे 'दोघांत' आणि 'अनेकांत' अशा दोन जागा करायला हरकत नाही, पण तिसरी जागा काढू नका.

तिढा सुटत नसेल तर गुणांच्या तक्त्याच्या नादी लागू नये. मांडणीला पाच, कल्पनेला सात, पुन्हा खेळण्याला आठ असे आकडे देऊन बेरीज केली की नेहमी मधला, कोणाच्याच विशेष न आवडीचा खेळ वर येतो. त्यापेक्षा दोन-दोन खेळांच्या जोड्या लावा आणि एकच प्रश्न विचारा: उद्या संध्याकाळी तीन माणसे आणि दीड तास आहे, तर कपाटातून कोणता काढाल? हरलेला बाद. चार उमेदवार असतील तर तीन प्रश्नांत निकाल लागतो. तोच प्रश्न महिनाभराने पुन्हा विचारा. उत्तर बदलले तर पहिले उत्तर ताज्या डावाच्या नशेतले होते.

गटाने यादी करायची असेल तर प्रत्येकाने गुपचूप चिठ्ठीवर पहिल्याला ३, दुसऱ्याला २, तिसऱ्याला १ गुण द्यावा. बरोबरी झाली तर ज्याचे डाव जास्त झाले तो पुढे. न खेळलेल्या खेळाला मत नाही, मग त्याची कीर्ती कितीही असो.

विरळ साले आणि हातचे खेळ

१९९० च्या आधी हाती लागणारे खेळ मोजके: १९७१ मास्टरमाइंड आणि उनो, १९७४ कनेक्ट फोर, १९८२ सीक्वेन्स, १९८३ जेंगा, १९८५ पिक्शनरी. यांतले बहुतेक घरात असतातच. मधली साले रिकामी राहिली तर राहू द्या. केवळ जागा भरायला न आवडणारा खेळ लिहिला की सगळ्या यादीवरचा विश्वास जातो.

काही सालांसाठी पेटी विकत घ्यायची गरजही नाही.

१९८० चा कान्ट स्टॉप पुठ्ठ्यावर अर्ध्या तासात होतो. २ ते १२ असे अकरा उभे रकाने आखा. घरांची संख्या: २ आणि १२ ला ३, ३ आणि ११ ला ५, ४ आणि १० ला ७, ५ आणि ९ ला ९, ६ आणि ८ ला ११, ७ ला १३. चार फासे, तीन सामाईक सोंगट्या आणि प्रत्येकाच्या रंगाच्या अकरा खुणा (चिंचोके, बटणे, तांदूळ सोडून काहीही, तांदूळ पंख्याने हलतात). चार फासे टाकून दोन-दोनच्या जोड्या करायच्या आणि त्या बेरजांच्या रकान्यांत सोंगट्या चढवायच्या. थांबलात तर तिथवर आपली खूण, पुढे टाकत राहिलात आणि एकही सोंगटी हलवता आली नाही तर त्या पाळीची चढण वाया. तीन रकाने जो आधी पुरे करील तो जिंकला. रकाने सारख्या लांबीचे आखणे ही नेहमीची चूक: मग ७ वर सगळे धावतात आणि खेळ मरतो.

१९९४ चा झेक्स निम्ट दोन ते दहा जणांचा, म्हणजे चवथीला मूळ घरी जमलेल्या माणसांसाठी नेमका. जाड कागदाचे १०४ पत्ते कापा आणि १ ते १०४ आकडे घाला. शिक्षेचे गुण असे: ५५ ला ७; ११ च्या बाकी पटींना ५; १० च्या पटींना ३; ५ वर संपणाऱ्या उरलेल्या आकड्यांना २; बाकी सगळ्यांना १. बेरीज १७१ आली पाहिजे, नाही आली तर कुठेतरी चूक आहे. प्रत्येकाला दहा पत्ते, मध्ये चार रांगांची सुरुवात. सगळे एकदम एक पत्ता पालथा ठेवतात, मग लहान आकड्यापासून लावायचे: आपल्यापेक्षा लहान अशा सर्वांत जवळच्या टोकाला. सहावा पत्ता ज्याचा पडतो तो आधीचे पाच उचलतो. सगळ्या टोकांपेक्षा लहान पत्ता पडला तर हवी ती रांग उचलून तिथे तो ठेवायचा. कोणी ६६ गाठले की डाव संपला, सर्वांत कमी गुणांचा जिंकला.

२००४ चा नो थँक्स याहून सोपा: ३ ते ३५ आकड्यांचे पत्ते, त्यांतले नऊ न पाहता बाजूला, तीन ते पाच भिडूंना प्रत्येकी अकरा कवड्या. तो खेळून पाहिल्याशिवाय २००४ ची जागा डोळे मिटून तिकीट टू राइडला देऊ नका.

एका शब्दाच्या सूचनेवरून आपल्या गटाचे शब्द ओळखायचा २०१५ चा कोडनेम्स मात्र मराठीतच करून घ्यावा. इंग्रजी शब्दांवर अर्धे टेबल गप्प बसते आणि दोष खेळाला लागतो. दोनशे पत्त्यांवर एकेक शब्द लिहा, पण दोन-तीन अर्थांचे निवडा: नाव, वर, हार, कळ, पान, तार, माळ, कर. 'टेबल', 'खुर्ची' यांसारखे एकाच अर्थाचे शब्द जास्त झाले की सूचना देणाऱ्याला वळणच घेता येत नाही. मांडणी पाच बाय पाच. नकाशात पहिल्या गटाचे ९, दुसऱ्याचे ८, तटस्थ ७ आणि मारेकरी १. शब्दांत थोडे घरचे मिसळा: माटोळी, सोपो, फेणी, फेरी, शिगमो. मूळ पेटीतले नकाशाचे पत्ते आणि रंगीत तुकडे तसेच वापरता येतात.

पावसाळा, पंखा आणि बलकांव

गोव्यात खेळ बाहेर निघतात ते जून ते सप्टेंबर, आणि खेळ खराब होतात तेही त्याच महिन्यांत. याचा निवडीशी थेट संबंध आहे. हानाबीत आपल्या पत्त्यांची आपल्याला फक्त पाठ दिसते, तोंड इतरांकडे असते. एक पत्ता वाकला की तो ओळखू येतो आणि खेळ संपला. २०१० ची जागा हानाबीला द्यायची की सेव्हन वंडर्सला, हे ठरवताना पेटी कोणत्या अवस्थेत आहे ते आधी बघा.

पत्त्यांना प्लास्टिकची कव्हरे घालायची तर जानेवारी-फेब्रुवारीच्या कोरड्या दिवसांत. जुलैत घातली तर ओल आतच कोंडते. माप पट्टीने मोजून घ्या. ६३ बाय ८८ मिलिमीटर हे सर्वांत जास्त आढळणारे, पण सगळ्यांचे तेच नसते, आणि एका मिलिमीटरने लहान घेतलेले कव्हर पत्त्याला धनुष्य करते. मोठ्या पेटीत ५० ग्रॅमची सिलिका जेलची पुडी ठेवावी. रंग बदलणारे दाणे असतील तर रंग पालटला की ओव्हनमध्ये साधारण १२० अंशांवर तास-दोन तास तापवून पुन्हा वापरता येतात, मात्र दाणे कापडी किंवा प्लास्टिकच्या पुडीतून काढून ताटात पसरून. पत्त्यांच्या गड्ड्याला रबरबँड लावू नका. आपल्या हवेत तो दोन पावसाळ्यांत वितळून वरच्या पत्त्याला चिकटतो. कागदाची पट्टी किंवा झिपची पिशवी पुरते. लाकडी सोंगट्यांवर बुरशी आली तर कोरड्या फडक्याने पुसून सावलीत वाळवाव्यात. कडक उन्हात रंग उतरतो. पेट्या भिंतीला टेकवून किंवा जमिनीवर ठेवल्या की वाळवीला आमंत्रण.

बलकांवात (घरापुढच्या बसायच्या ओट्यावर) बसून खेळायचे तर टाइलांचे खेळ काढा: अझूल, किंगडोमिनो, कार्कासोन. वाऱ्याने हलत नाहीत. कार्कासोनच्या ७२ टाइला हव्या तशा पसरतात, म्हणून सोप्यावरच्या गोल टेबलापेक्षा जमिनीवर चटई बरी. वीज गेली की रंगांवरचे खेळ फसतात. मेणबत्तीच्या उजेडात हानाबीतला पांढरा आणि पिवळा सारखाच दिसतो. झेक्स निम्टला आकडे दिसले की पुरे. तिकीट टू राइडच्या पत्त्यांवर प्रत्येक रंगाचा रेल्वेडबा वेगळ्या आकाराचा आहे, त्यामुळे तोही निभावतो. अंधारात खेळलेल्या डावावरून अझूलला नापास करू नये.

अलीकडची साले

२०१६ किंगडोमिनो किंवा टेराफॉर्मिंग मार्स, २०१८ जस्ट वन, २०१९ विंगस्पॅन किंवा द क्रू, २०२१ कॅस्केडिया: इथपर्यंत मते बऱ्यापैकी स्थिरावली आहेत. जस्ट वन तीन ते सात जणांचा, आणि कोडनेम्ससारखाच मराठी शब्द लिहून खेळता येतो. २०१९ ला विंगस्पॅन निवडणाऱ्यांनी एवढे पाहावे की पक्ष्यांची चित्रे आवडली आहेत की खेळ. चोडणच्या अभयारण्यात दुर्बीण घेऊन फिरणाऱ्यांचा यात हमखास गोंधळ होतो. मूळ पेटीतले १७० पक्षी उत्तर अमेरिकेतले आहेत. आशियातले पक्षी २०२२ च्या वेगळ्या पेटीत येतात, आणि ती पेटी दोघांना स्वतंत्रपणेही खेळता येते.

२०२३ चा स्काय टीम फक्त दोघांचा, म्हणून 'दोघांत' या जागेसाठी. बॉम्ब बस्टर्स २०२४ चा, पारितोषिक २०२५ चे, त्यामुळे सालाची चूक इथेही होऊ शकते. शेवटची दोन साले पेन्सिलीने लिहा. नवा खेळ एक पावसाळा कपाटात राहून, पुढच्या चवथीला कोणीतरी आपणहून मागितला, की मगच त्याच्यावर शाई फिरवा.